पहिल्या शनिवारची हजेरी

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत पनवेलमध्ये आम्ही पाच घरं बदलली आणि पाचही ठिकाणी भिंतीत खिळा मारायला मनाई होती. एका घरमालकाने तर तशी अट भाडेचिठ्ठीतच घातली होती. त्यामुळे माझ्या वडिलांचा फोटो नऊ वर्षं ट्रंकेत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पडला होता. पितृपक्षात तो बाहेर निघायचा, एक दिवस पाटावर भिंतीला टेकून बसायचा आणि परत ट्रंकेत जायचा. वडील हयातीत भलते मानी होते, मला ते बघवायचं नाही. शेवटी एक दिवस मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं की आता स्वतःची भिंत हवी आणि ती माझ्या नावावर हवी.

नवरा टेलिफोन खात्यात, स्वभावाने थंड. रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणारा माणूस.

"पक्ष्यांची घरटी कुणाच्या नावावर असतात?" तो म्हणाला.

"कोकिळा सोडली तर सगळे आपापलं बांधतात," मी म्हटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून जागा शोधायला लागले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवीन पनवेलमध्ये इमारती उठत होत्या, पण त्या आमच्या आवाक्याबाहेरच्या. मी कामोठ्याच्या शाळेत शिकवायची. तिथल्या शिपायाने सांगितलं की विचुंब्याला एक म्हातारा घराशेजारचा गावठाणातला तुकडा विकतोय. गावठाणातला म्हणजे शेतजमीन नाही, बिनशेतीची कटकट नाही. मी त्याच संध्याकाळी जाऊन धडकले.

म्हातारा ओटीवर बसला होता. उघडा, काळाभोर, डोक्याला फडकं. सगळी हयात मिठागरात गेलेली. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्याने जागा दाखवायच्या आधीच व्यवहार मनात पक्का करून टाकला.

"मास्तरीनबाय हाय ना तुमी? मंग घ्या. तुमी शेजारी आल्या तं आमच्या नातवांना बी चार अक्षरं येतील."

साठेखत झालं. म्हणजे जागा आज विकत नाही, पण अमुक मुदतीत विकेन, असा करार. मी विसार दिला. कागद झाला तो पनवेलला, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर. तिथे एक स्टॅम्पविक्रेते टेबल मांडून बसत. दाढी पांढरी, टोपी पांढरी, बोटं मात्र कायम निळी. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. चाचांनी म्हाताऱ्याचा अंगठा पॅडवर दाबून कागदावर उठवला, तर नुसता निळा ठिपका. परत घेतला, परत ठिपका. तिसऱ्यांदा तेच.

"बाबा, रेषा कुठे ठेवून आलात?" चाचांनी विचारलं.

"मिठानं खाल्ल्या," म्हातारा म्हणाला आणि दात नसलेल्या तोंडाने हसला.

चाचांनी ठिपक्याशेजारी त्याचं नाव लिहिलं, गावच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. खरेदीखताचा दिवस ठरला सहा महिन्यांनंतरचा, महिन्यातला पहिला शनिवार. शनिवारी माझी शाळा सकाळची असते म्हणून तो मीच सुचवला होता.

त्या शनिवारी मी शाळा सुटल्यावर थेट कचेरीत गेले. अंगावर काठाची साडी, पिशवीत कागद, उरलेले पैसे नवऱ्याच्या बॅगेत. बारापासून कचेरी बंद होईपर्यंत बाकावर बसले. म्हातारा आला नाही. दुसऱ्या दिवशी विचुंब्याला गेले, तर ओटीवर म्हाताऱ्याऐवजी त्याचे दोन मुलगे बसले होते. मधल्या सहा महिन्यांत एक बिल्डर मोटार घेऊन गावात फिरून गेला होता आणि त्याला हा तुकडा मागच्या वाडीसकट हवा होता.

"जागा इकायची नाय," थोरला म्हणाला. "तुमचं पैसं परत न्या."

"बाबा कुठे आहेत?"

"निजलेत."

दुपारी चार वाजता. मी ओटीवरूनच मोठ्याने म्हटलं, "बाबा, शब्द दिला होता तुम्ही!" आतून भांडं पडल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. मी तणतणत परत आले. शब्द फिरवणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड येते. मुलांनी गृहपाठ केला नाही तर मी माफ करते, पण केलाय म्हणून सांगितलं आणि केलेला नसला तर वर्गाबाहेर.

नवरा म्हणाला, "पैसे परत देतायत तर घे. दुसरी जागा बघू." दुसरी कुठून बघणार? सहा महिन्यांत भाव असे चढले होते की त्या पैशांत आता नुसतं कुंपण आलं असतं. मी वकिलाकडे गेले.

वकील तरुण होते, हुशार होते आणि फार भरभर बोलायचे. त्यांनी सांगितलं की आपण पैसे मागायचे नाहीत, नुकसानभरपाई मागायची नाही. कराराच्या विशेष पूर्ततेचा दावा लावायचा. म्हणजे जे द्यायचं ठरलं तेच द्यायला कोर्टाने त्यांना भाग पाडावं.

"पण एक लक्षात ठेवा बाई," ते म्हणाले. "करार पुरा करायला तुम्ही कायम तयार आणि राजी होता, हे आपल्याला दाखवावं लागतं. एका दिवसापुरतं नाही. पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत."

"कायम?"

"कायम."

आता मी पडले शिक्षिका. कायम म्हटलं की कायम, आणि दाखवायचं म्हटलं की नोंद हवी. घरी येऊन मी शाळेच्या हजेरीपटासारखं एक मस्टर आखलं. चार रकाने: तारीख, वादी, प्रतिवादी, शेरा. वादी म्हणजे दावा लावणारी, मी. प्रतिवादी म्हणजे म्हातारा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी काठाची साडी नेसून, कागदांची पिशवी घेऊन मी निबंधकाच्या कचेरीत जाऊन बसले. बंद व्हायच्या वेळी मस्टर उघडून लिहिलं: वादी हजर, प्रतिवादी गैरहजर. आणि साक्ष म्हणून शेजारी चाचांची सही घेतली.

चाचांनी सही केली, मग विचारलं, "बाई, हे कशासाठी?"

"मी कायम तयार आहे, हे दिसायला हवं."

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मग मस्टर इथेच ठेवा. घरी ठेवलं तर लोक म्हणतील घरी बसून भरलं."

मला ते एकदम पटलं. मस्टर चाचांच्या टेबलाच्या खणात राहायला लागलं.

वकिलांना हे कळलं दोन वर्षांनी. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, पैसे तयार आहेत हे दाखवायला पासबुक दाखवतात. तुम्ही स्वतःला कशाला दाखवताय!" हे आधी सांगायला काय झालं होतं? पण तोवर मला सवय लागली होती, आणि घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही.

पनवेल तेव्हा लहान होतं. पहिल्या शनिवारी कचेरीच्या बाकावर एक बाई येऊन बसते, ही बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. वालाच्या शेंगा विकणारी मला विचारायची, "बाय, आज तुमचा कोरट हाय का कचेरी?" आतला कारकून माझ्यासाठी पंख्याखालची जागा राखून ठेवायचा. मी तिथे बसून वह्या तपासायची. एरवी घरी तुंबणाऱ्या वह्या त्या दिवशी निकालात निघायच्या. म्हाताऱ्याच्या मुलांना माझं बसणं हा मोठाच विनोद वाटायचा. एकदा धाकटा मुद्दाम मोटारसायकलवरून आला, दारातून डोकावला, "काय बाय, हजरी लागली का?" असं विचारून हसत निघून गेला. मी त्याच्या गाडीचा नंबर वहीच्या मागे लिहून ठेवला. का, ते मलाही माहीत नव्हतं.

कोर्टात तारखा पडत होत्या. साक्षीदार म्हणून सह्या केलेल्या दोघांनाही एकाच महिन्यात विस्मरण झालं. प्रतिवादीच्या वकिलांनी कैफियत दाखल केली की हा विक्रीचा करारच नव्हता, म्हाताऱ्याने बाईंकडून हातउसने पैसे घेतले आणि तारण म्हणून कागद करून दिला. म्हणजे मी सावकारीण! वाचून माझं डोकं फिरलं. नवऱ्याने तेव्हापासून घरात चहा मागताना "सावकारीणबाई" म्हणायला सुरुवात केली, त्याला काय.

म्हातारा तारखेला यायचा. मुलांच्या मध्ये, धुतलेला सदरा घालून. मी जिना चढताना दिसले की हात जोडायचा. "बाय, बरी हाय ना?" मी तोंड फिरवायची. एवढा शब्द फिरवून वर विचारपूस करायची, याला काय म्हणायचं? मी एकदाही उत्तर दिलं नाही. आज ते आठवलं की स्वतःचे कान धरावेसे वाटतात.

एवढ्या वर्षांत माझा एकच पहिला शनिवार चुकला. शाळेची वार्षिक तपासणी नेमकी त्या दिवशी आली. साहेब सकाळी येतो म्हणाले, दुपारी आले, आणि दप्तर तपासता तपासता संध्याकाळ केली. मी आतल्या आत चरफडत साहेबांना कांदेपोहे वाढत होते. पुढच्या महिन्यात गेले तेव्हा चाचांनी मस्टर पुढे केलं. गेल्या महिन्याची ओळ त्यांनीच भरली होती. वादीच्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात "गैरहजर". प्रामाणिक माणूस, मी काही म्हटलं नाही. पण प्रतिवादीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे शाईचा एक निळा डाग पडला होता.

"चाचा, हे काय? पॅडची शाई सांडलीत?"

चाचांनी डागाकडे पाहिलं, मग आपल्या निळ्या बोटांकडे. "शाई आहे, बाई. लागते."

"इतकी वर्षं एक डाग नव्हता मस्टरवर. कोर्टात दाखवायचंय ते!" मी पर्समधून लाल पेन काढलं, कारण ते कायम तिथे असतंच, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: अस्वच्छ. काळजी घ्यावी. चाचांनी मान खाली घालून मस्टर खणात ठेवलं. सत्तरीच्या माणसाला मी चौथीतल्या मुलासारखा शेरा दिला होता.

अखेर साक्षी सुरू झाल्या. मी पिंजऱ्यात उभी राहिले. आमच्या वकिलांनी पासबुक दाखल केलं आणि माझ्या आग्रहाखातर, जरा लाजतच, मस्टरही. मग प्रतिवादीचे वकील उलटतपासणीला उठले. वयस्क, जाडजूड, आवाजात साखर. त्यांनी मस्टर हातात घेतलं आणि एक एक पान असं उलटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायला लागली.

"बाई, तुम्ही कायम तयार होता म्हणता?"

"हो."

"मग या शनिवारी वादी गैरहजर आहे. त्या दिवशी तयार नव्हता?"

"शाळेची तपासणी होती."

"म्हणजे नव्हता." त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "आणि ही तुमची पक्की नोंदवही. याच ओळीत प्रतिवादीपुढे हजर नाही, गैरहजर नाही. नुसता एक डाग. हा डाग कसला?"

मी शपथेवर होते. जे माहीत होतं ते सांगितलं. "शाई सांडली होती."

"अशा वहीवर कोर्टाने विश्वास ठेवायचा?"

तेवढ्यात मागच्या बाकावर हालचाल झाली. थोरला मुलगा कुणाचा तरी सदरा धरून खाली ओढत होता. म्हातारा उभा राहिला होता.

"डाग नाय त्यो, सायेब," तो म्हणाला. "त्यो मी हाय."

त्याचे वकील हातात मस्टर घेऊन तसेच थिजले. न्यायाधीश म्हणाले, "बाबा, तुमची साक्ष व्हायची आहे. तेव्हा बोला, आता बसा." म्हातारा बसला नाही.

"मी आलो व्हतो सायेब त्या शनवारी. सुकी मासली आनायला जातो सांगून आलो. बाय दर म्हयन्याला येते, हजरी लावते, सगला बाजार बोलतो. मंग आपन बी एक दिस जावं आनि सही देऊन टाकावी. तं बाय नवती. सांजपर्यंत बसलो. मंग चाचाला बोललो, माजी बी हजरी लाव."

न्यायाधीशांनी मस्टर मागवून घेतलं. ते पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. डाग पाहिला, शेजारचा माझा लाल शेरा वाचला, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. शेरा त्यांनी मोठ्याने वाचला नाही, त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी होते आणि माझे डोळे वाहत होते. एवढ्या वर्षांच्या तारखा, जिना, जोडलेले हात, सगळं एकदम अंगावर आलं. तो माणूस आला होता. नव्हते ती मी.

कोर्टातून तशीच चाचांकडे गेले. "तुम्ही मला का सांगितलं नाहीत?"

"म्हातारा म्हणाला, पोरांना कळलं तर घरात भांडण होईल, कुणाला सांगू नको. अमानत होती, बाई. मी कसं सांगणार?"

"मी तुम्हाला शेरा दिला तेव्हा तरी?"

"शेरा मला होता, मी घेतला," चाचा म्हणाले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला स्टॅम्पपेपर मोजून द्यायला लागले.

पुढच्या तारखेला म्हाताऱ्याची रीतसर साक्ष झाली. त्याने तेच सांगितलं, हातउसने वगैरे काही नव्हतं हेही सांगितलं. त्याच्याच वकिलांनी शेवटी कागद आवरून घेतले. जिन्यात मी त्याला गाठलं आणि विचारलं, "बाबा, मग पुढच्या शनिवारी का नाही आलात?"

त्याने खाली बघितलं. "एकदा धीर केला, बाय. दुसऱ्यांदा नाय झाला."

निकाल माझ्या बाजूने लागला. जागेचं खरेदीखत करून द्यावं, असा हुकूमनामा झाला. पण मुलांनी म्हाताऱ्याला उचलून उरणला त्याच्या मुलीकडे नेऊन ठेवलं, खरेदीखताला कुणी आलं नाही. अशा वेळी कायद्यात सोय असते: देणारा सही करत नसेल तर त्याच्या वतीने कोर्टाचा अधिकारी, नाझर, करतो. तशी झाली. नाझरांची सही देखणी होती, कुठे फराटा नाही, डाग नाही. आमचे वकील पेढे वाटत होते. मी पेढा खाल्ला, पण मन लागलं नाही. ज्याने द्यायची त्याची सही नव्हती ना ती.

घर बांधलं दोन खोल्यांचं. नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. बिल्डर केव्हाच दुसऱ्या गावाकडे वळला होता, आणि मुलांचा राग हळूहळू निवला; म्हाताऱ्यालाही त्यांनी उरणहून घरी परत आणलं. शेजारीच राहायचं तर किती दिवस तोंड फिरवणार? वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन मी स्वतः त्यांच्या ओटीवर गेले. धाकट्याने मांडवाच्या खुर्च्या पाठवल्या. भाडं लावलं, पण पाठवल्या.

त्या दिवशी सकाळी सगळ्यांत आधी मी भिंतीत खिळा मारला. वाकडा गेला. नवऱ्याने दुसरा मारला, तो सरळ गेला, आणि वडील ट्रंकेतून कायमचे बाहेर आले.

जेवणाच्या आधी म्हातारा आला. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं खडेमीठ घेऊन. आता कुबड आलं होतं. "नव्या घरात पयलं मीठ आमचं," असं म्हणत त्याने पुरचुंडी माझ्या ओट्यावर ठेवली. मी खाली वाकून नमस्कार केला. त्याने विचारलं, "बाय, बरी हाय ना?" या वेळी मी उत्तर दिलं.

कोर्टात अर्ज करून मी मस्टर परत मिळवलं होतं. चाचाही जेवायला आले होते, त्यांनीच म्हटलं, बाबांना त्यांची हजेरी दाखवा. मी पान उघडलं. म्हाताऱ्याने आपला अंगठा लगेच ओळखला आणि त्यावरून बोट फिरवलं. मग बोट पुढच्या रकान्यात गेलं.

"ह्ये लाल काय लिवलंय?"

त्याला वाचता येत नव्हतं. चाचा माझ्याकडे बघत होते. खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढण्यात माझी उभी नोकरी गेली.

"हजर लिहिलंय, बाबा," मी म्हटलं.

"उशीर नाय लावला?"

"नाही. तुम्ही वेळेवर होतात. मीच नव्हते."

"मंग बराबर," तो म्हणाला आणि नातवाला धरून पंगतीकडे गेला.

मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, हा आमच्या खात्याचा नियम. म्हणून मी लाल पेन काढून जुन्या शेऱ्याच्या खाली "हजर" लिहिलं, तारीख मी चुकवलेल्या त्या शनिवारचीच घातली आणि मस्टर चाचांपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं, खिशातून पेन काढलं आणि शेजारी सही केली.